मरळीच्या मागावरची होडी

पिंपळे गुरवच्या कडेने पवना वाहते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. नदीपलीकडे दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये लष्कराचे रोइंग केंद्र आहे. दत्तू भोकनळ तिथेच तयार झाला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. पाणी इतके शेजारी, तरी गळाच्या मासेमारीचा नाद असलेल्या इथल्या माणसाला होडी पाण्यात टाकायला गाव सोडावे लागते. शहरातून जाताना नदीत सांडपाणी मिसळते आणि उन्हाळ्यात जलपर्णीचा थर पाणी झाकून टाकतो. त्यामुळे होडी निघते ती पवना धरणाकडे, मुळशीकडे, नाहीतर सोलापूर रस्त्याने भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर.

होडी निवडताना म्हणूनच लांबीच्या आधी वजन विचारायला हवे. सोसायटीच्या पार्किंगमधून ती गाडीवर चढवायची, धरणाच्या उतारावरून पाण्यापर्यंत न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. दोन माणसांना उचलता येत नाही ती होडी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पार्किंगमध्येच पडून राहते.

गळाने मासे धरण्यासाठी खास होडी बांधण्याचे शास्त्र अमेरिकेत बास या माशामागे वाढले. 1934 मध्ये फार्गो शहरातल्या ओ. जी. श्मिट यांनी होडीसाठी विजेवर चालणारी छोटी मोटर तयार केली. मिन कोटा ही कंपनी तिथून सुरू झाली. 1948 मध्ये लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टला होम्स थर्मंड यांनी स्कीटर नावाची होडी बांधली. बाससाठीच बांधलेली पहिली होडी म्हणून तिचे नाव घेतले जाते. रे स्कॉट यांनी 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्यात फॉरेस्ट वुड यांनी रेंजर बोटींचा कारखाना काढला. आज तिकडची बास बोट अठरा ते एकवीस फुटांची असते. मागे अडीचशे अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन, पुढे उभे राहून गळ टाकायला सपाट डेक, नाळेवर विजेची मोटर, माशांना जिवंत ठेवणारी हवा खेळती टाकी आणि तळाचे चित्र दाखवणारा फिश फाइंडर.

हा सगळा थाट पवना धरणावर आणायची गरज नाही. त्यामागचा विचार मात्र जरूर घ्यावा.

बास हा दबा धरून शिकार करणारा मासा आहे. बुडालेल्या झाडाच्या आडोशाला, पाणवनस्पतींच्या कडेला तो थांबतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झेपावतो. आपल्याकडे अगदी हाच स्वभाव मरळीचा. रबरी बेडूक गवताच्या कडेने ओढत नेला की ती पाणी फोडून वर येते. तिच्याजवळ जायचे तर आवाज नको आणि होडी हवी तिथे थांबायला हवी. ते काम पेट्रोलच्या इंजिनापेक्षा विजेची मोटर चांगले करते. पवना धरणाचे पाणी तर पिंपरी-चिंचवडकर पितात. त्यात तेलाचा तवंग न सोडणारी मोटर हीच योग्य.

मोटरीचे गणित सोपे आहे, पण बहुतेकांची चूक तिथेच होते. पंचावन्न पौंड जोराची बारा व्होल्टची मोटर पूर्ण वेगात सुमारे पन्नास अँपिअर वीज ओढते. शंभर अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणजे पूर्ण वेगात हाताशी उरतो जेमतेम एक तास. मंद वेगात तीच बॅटरी कितीतरी जास्त पुरते. अशा बॅटरीचे वजन पंचवीस-तीस किलो भरते, तर तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. पैसे वाचवायचे असतील तर डेकच्या सजावटीत वाचवावेत, बॅटरीत नाही. बॅटरीजवळ फ्यूज किंवा ब्रेकर बसवावा आणि चार्जर बॅटरीच्या जातीचाच वापरावा. लेड-ॲसिड असेल तर घरी पोहोचताच चार्जिंगला लावावी. उतरलेल्या अवस्थेत ठेवली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते.

मोटर चालवताना पाण्याखालचा भूगोल माहीत असावा लागतो. 1980 च्या सुमारास भरू लागलेल्या उजनीच्या पोटात जुनी गावे आहेत; पाणी ओसरले की पळसदेवचे पळसनाथ मंदिर उघडे पडते. पवना धरणात असेच वाघेश्वराचे मंदिर वर येते. अशा भिंती आणि खोडांजवळ मासे थांबतात आणि प्रोपेलरही तिथेच मोडतात. फिश फाइंडरचा खरा उपयोग आधी खोली पाहण्यासाठी करावा, मासे पाहण्यासाठी नंतर.

देखभालीतला सर्वांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे गळाचाच तुटका दोरा. तो प्रोपेलरमागे दांड्याला गुंडाळला जातो आणि सील कापतो. दर काही फेऱ्यांनी प्रोपेलर काढून तिथे बघावेच. पेट्रोलचे आउटबोर्ड असेल तर गिअर ऑइल वर्षातून एकदा बदलावे. ते दुधाळ निघाले तर आत पाणी शिरले आहे. इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली की इंपेलर पाहायची वेळ आली. रायगडच्या खाडीत जिताड्यासाठी होडी उतरवली असेल तर घरी येऊन इंजिन गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय झाकू नये.

फायबरच्या होडीला तडा गेला तर तो वेळीच भरावा. पाणी आतल्या थरांत मुरले की होडी जड होत जाते. ॲल्युमिनियमच्या होडीत रिव्हेट आणि वेल्डिंगचे जोड तपासावेत. हवेची होडी वाळवूनच घडी घालावी, नाहीतर बुरशी धरते. या पट्ट्याला एक मोठा फायदा आहे: भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक भागात ॲल्युमिनियम वेल्डिंग आणि फायबरची कामे करणारे हात सहज सापडतात. बॅटरीचा कप्पा किंवा ट्रॉलीचा सांगाडा त्यांच्याकडून मापात करून घेता येतो.

पावसाळ्यात होडी उलटी करून झाकून ठेवावी. धरणावरचा वारा आणि पाणी त्या दिवसांत बेभरवशाचे असतात, आणि मरळीच्या विणीचा हंगामही तोच. मरळीचे जोडपे पिल्लांचा थवा राखत फिरते. त्या वेळी मोठा मासा काढला तर थवा उघडा पडतो. महासीरची काळजी आणखी घ्यावी लागते. दख्खनी महासीरचे शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले. आज ती त्या पाण्यातून हरवली आहे. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून तिची पैदास होते. ती गळाला लागली तर ओल्या हातांनी, पाण्यातच गळ काढून सोडावी.

धरणातली मासेमारी सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. ट्यूब आणि थर्माकोलच्या तराफ्यांवर जाळी टाकणाऱ्यांचे पोट त्या पाण्यावर आहे, म्हणून हौशी माणसाने संस्थेची परवानगी आधी घ्यावी. यंत्रावर चालणाऱ्या होडीला 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार नोंदणी आणि तपासणी लागते. मोटर बसवण्यापूर्वी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे चौकशी करावी.

21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणाचे पाणी शांत दिसते, पण वळिवाचा वारा सुटायला काही मिनिटे पुरतात. अमेरिकेत एप्रिल 2021 पासून सव्वीस फुटांखालच्या मोटरबोटींत, इंजिन बंद करणाऱ्या किल्लीची दोरी चालकाने अंगाला अडकवणे बंधनकारक आहे, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन थांबते. अशी दोरी आपल्या मोटरीलाही असेल तर ती अडकवावीच. होडीचा खर्च मांडताना पहिली ओळ मापाच्या लाइफ जॅकेटची लिहा, आणि काठ सोडण्यापूर्वी ते प्रत्येकाच्या अंगावर असू द्या.