टाके निघेपर्यंत

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत कुत्र्या-मांजरांवर होणाऱ्या शस्त्रक्रियांचा आवाका गेल्या काही वर्षांत बराच वाढला आहे. नसबंदी, मोडलेले हाड जोडणे, गाठ काढणे ही नेहमीची कामे झाली आहेत. २०२४ साली तर दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात ज्यूलिएट नावाच्या बीगल कुत्रीच्या हृदयाची गळकी झडप, हृदय बंद न करताच, क्लिप लावून दुरुस्त करण्यात आली. तरीही प्राणी सुखरूप बरा होतो तो टेबलावरच्या तास-दोन तासांइतकाच त्याआधीच्या तपासण्यांमुळे आणि नंतरच्या दोन आठवड्यांतल्या घरच्या देखभालीमुळे.

नसबंदीसारखी शस्त्रक्रिया सवडीने ठरवता येते. मादीच्या गर्भाशयात पू होणे किंवा मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पीळ पडणे यांत मात्र काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. डॉक्टर निवडताना त्यांची राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे पाहावे. १९८४ च्या कायद्याने ती आवश्यक आहे. भूल दिल्यावर श्वास, नाडी आणि तापमान यांवर नजर कोण ठेवणार, हेही आधीच विचारावे.

शस्त्रक्रियेआधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत यांची स्थिती पाहिली जाते, कारण भुलीची बरीचशी औषधे याच अवयवांमार्फत शरीराबाहेर जातात. उत्तर भारतात कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक तपासणी महत्त्वाची ठरते, ती गोचीड-तापाची. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकियामुळे प्लेटलेट घटतात, तर बॅबेसियामुळे तांबड्या पेशी फुटतात. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही हा आजार दडलेला असू शकतो, आणि मग साध्या शस्त्रक्रियेतही रक्त थांबत नाही. रक्ताची ही तपासणी खर्च वाचवण्यासाठी टाळू नये.

भुलीत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून मोठ्या प्राण्याला साधारण सहा ते आठ तास उपाशी ठेवतात. लहान पिल्लांची साखर लवकर घसरते, त्यामुळे त्यांची वेळ डॉक्टरांनीच ठरवावी. पाणी कधी बंद करायचे तेही त्यांनाच विचारावे. पग, शिट्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या तोंडाच्या प्राण्यांची श्वासवाट अरुंद असल्याने शुद्धीवर येतानाचा काळ त्यांच्यासाठी विशेष जोखमीचा असतो.

घरी आणल्यावर पहिली रात्र प्राणी गुंगीत असतो. त्याला जिना, पलंग आणि इतर प्राणी यांपासून दूर, सपाट बिछान्यावर ठेवावे. भुलीनंतर शरीराला स्वतःचे तापमान नीट सांभाळता येत नाही. म्हणून दिल्लीच्या जानेवारीत ऊब आणि मे-जूनमध्ये थंड खोली लागते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडे पाणी, मग थोडे हलके अन्न द्यावे.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर, जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेला शंकूच्या आकाराचा कोन काढू नये. एका रात्रीच्या चाटण्यानेही जखम उघडते. अंघोळ, उड्या, धावणे बंद ठेवावे आणि कुत्र्याला केवळ शू-शीपुरते, पट्टा लावूनच बाहेर न्यावे. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून ती रोज दोनदा पाहावी. हळद, तेल किंवा घरातले मलम लावू नये.

माणसांची वेदनाशामके तर कधीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकमुळे कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके आणि प्रतिजैविके मात्र, प्राणी बरा वाटला तरी, सांगितलेले दिवस पूर्ण द्यावीत.

हिरड्या पांढुरक्या पडणे, टाक्यांतून रक्त किंवा पू येणे, वाढती सूज, सतत उलट्या, धाप, दिवसभर लघवी न होणे किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड न लावणे ही धोक्याची चिन्हे आहेत. कुत्र्याचे तापमान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; ते १०३.५ च्या वर गेल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. नोएडाहून गुरुग्रामला पोहोचायला गर्दीच्या वेळी दीड-दोन तास सहज जातात. त्यामुळे घराजवळ रात्री उघडे असणारे पशुरुग्णालय कोणते, हे शस्त्रक्रियेच्या आधीच शोधून त्याचा क्रमांक हाताशी ठेवावा.