जुनी पद्मिनी आणि न सुटणारे बोल्ट

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडचे स्थानक म्हणजे हमरापूर. गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे हे गाव सर्वपरिचित आहे. पावसाळ्यात मूर्तींनी भरलेले टेम्पो येथून मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. या परिसराच्या हवेचा एक गुण मात्र मूर्ती नेण्यासाठी येणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. जवळच खाडी, खारपट्टी आणि मिठागरे. त्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. अशा हवेत उघडे लोखंड फार काळ निरोगी राहत नाही. जुनी मोटार गावच्या घरी पडवीत ठेवून वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीत, बाहेर काढणाऱ्या कुटुंबांना हे चांगले ठाऊक असते. रोज धावणारी गाडी इंजिनाच्या उष्णतेने वाळत तरी राहते. उभी असलेली गाडी ओल धरून बसते.

अशा गाड्यांमध्ये प्रीमियर पद्मिनीचा मान पहिला. व्यापारी घराण्यांत या गाडीविषयी जो जिव्हाळा आढळतो, त्याला केवळ आठवणींचा आधार नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाटच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्यातील ‘1100’ या गाडीलाच 1970 च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप घेतला. परंतु खासगी पद्मिनी अजूनही अनेक घरी आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेव्हा गाडी परिवहन कार्यालयात नेण्यापूर्वी ब्रेक, सायलेन्सर, स्टिअरिंग अशी कामे निघतात आणि मेस्त्री पहिल्याच नटापाशी अडतो.

नट का अडतो, हे समजले तर पुढचे अर्धे नुकसान टळते. लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमध्ये मुळात केसाएवढीच फट असते. गंज ती भरून काढतो आणि नट-बोल्ट एकमेकांवर पाचरीसारखे आवळले जातात. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात आणखी एक गुंता आहे. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे आणि त्यांना जोडणारे स्टड पोलादाचे. दोन निराळे धातू खारट ओलाव्यात एकत्र राहिले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती साचते व हेड जणू स्टडला चिकटते. सायलेन्सरच्या बाजूची कथा वेगळी. तेथे रोजची तप्त-थंड आवर्तने आणि वरून पडणारे पाणी यांनी नटाचे कोपरेच खाऊन टाकलेले असतात.

आता हिशेबाकडे येऊ. हा हिशेब दुकानात बसणाऱ्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी, तरी गॅरेजमध्ये तो नेमका विसरला जातो. आठ मिलिमीटरचा बोल्ट काही रुपयांना मिळतो. तो ज्या छिद्रात बसला आहे ते छिद्र हेडमध्ये, मॅनिफोल्डमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आवरणात असते; आणि तो भाग नवा मिळणे दुरापास्त. म्हणून वाचवायचे ते छिद्र व त्यातील आटे. बोल्टचा बळी गेला तरी चालेल. ज्या मेस्त्रीच्या हातांना हे उमगलेले असते तो सुरुवातीलाच संथ होतो.

बळाचा आकडाही पाहावा. साधारण प्रतीचा आठ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे अडीच किलोग्रॅम-मीटर इतक्या पिळाने आवळतात. अर्ध्या मीटरचा पाइप पान्याला जोडून त्यावर वीस किलोचा जोर दिला की पीळ होतो दहा किलोग्रॅम-मीटर, म्हणजे चौपट. बोल्ट ‘सुटला’ असे वाटते ते बहुधा तेथेच. प्रत्यक्षात तो तुटलेला असतो. हातात क्षणभर येणारी ती मऊ, रबरासारखी जाणीव अनुभवी मेस्त्री ओळखतो आणि हात थांबवतो. नवशिक्या तिला यश समजतो.

पहिला उपाय वेळ हाच. तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गंज झाडावा, मग पातळ तेल सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी पुन्हा तेल, संध्याकाळी पुन्हा. निळ्या-पिवळ्या डब्यातील डब्ल्यूडी-40 सर्वत्र मिळते. परंतु ते 1953 साली अमेरिकेत मुळात ओलावा हटवण्यासाठी तयार झाले, हे स्मरणात ठेवावे. जुनाट गंजासाठी खास भेदक तेल अधिक उपयोगी पडते. आमच्याकडील मेस्त्री डिझेल किंवा रॉकेल वापरत आले आहेत आणि सवड दिली तर तेही निराश करीत नाही. तेल मुरत असताना बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे मध्यम, सरळ ठोके द्यावेत. त्याने गंजाला सूक्ष्म तडे जातात व तेलाला वाट मिळते. पाना सहाकोनी घ्यावा. बाराकोनी रिंग झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकते. प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, पाव फेरा पुढे, तेवढाच मागे, मध्ये तेल. करकर वाढली की परत फिरावे.

एक गोष्ट प्रारंभीच तपासावी: आटे कोणत्या दिशेचे आहेत? जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. तेथे नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस नट सोडत नसतो, आवळत असतो.

तेलाने भागले नाही तर उष्णता. नट तापवला की तो फुगतो आणि गंजाची पकड तुटते. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे अॅल्युमिनियममध्ये अडकलेल्या पोलादी स्टडच्या बाबतीत सभोवारचा भाग बेताने तापवणे लाभदायक ठरते. गरम आट्यांवर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत ओढले जाते. हा जुना तोडगा आजही चालतो. याच्या उलट, अॅल्युमिनियम हेडमधील स्पार्कप्लग मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढावेत, कारण गरम असताना हेडचे आटे मऊ होऊन प्लगबरोबर ओरबाडले जातात.

ज्योत पेटवण्यापूर्वी पेट्रोलची नळी कोठून जाते ते पाहणे ही मालकाचीही जबाबदारी आहे. जुन्या गाडीतील रबरी नळ्या तडकलेल्या असतात. तेलाचे फवारे नुकतेच मारलेल्या जागी ज्योत नेऊ नये. ब्रेक साफ करण्याच्या काही द्रव्यांत क्लोरीनयुक्त रसायन असते. ते तापले तर अत्यंत विषारी वायू निर्माण होतो. बंद पडवीत हे काम करूच नये.

एवढे करूनही बोल्ट तुटतोच कधी. तुकडा थोडा वर असेल तर सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्यावर नवा नट ठेवून मधून वेल्डिंग करणे. वेल्डिंगची उष्णता पकड सैल करते आणि पान्याला नवे डोकेही मिळते. तुकडा छिद्राशी सपाट तुटला असेल तर त्याच्या अगदी मध्यावर सेंटर पंचने खूण करून बारीक ड्रिलपासून सुरुवात करावी. मध्य चुकला की ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे घसरते आणि छिद्र वाकडे होते. त्यानंतर ‘ईझी-आउट’ नावाचे उलट्या पिळाचे हत्यार घालतात. माझे मत या हत्याराविषयी फारसे चांगले नाही. जो बोल्ट जाड पान्याने फिरला नाही तो या बारीक काडीने कसा फिरावा? ती आत तुटली तर संकट दुप्पट होते, कारण ती इतक्या कठीण पोलादाची असते की साधे ड्रिल तिला लागत नाही. त्यापेक्षा तुकडा पूर्ण ड्रिल करून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घेणे शहाणपणाचे. अॅल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरतात.

नवा स्टड लेथवर करून घेण्याची पद्धत पेण-रोह्याकडे सर्रास आहे. सायलेन्सरच्या पट्टीसाठी ती ठीक. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक येथे मात्र साध्या सळईचा बोल्ट चालणार नाही, डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा दर्जाचा अंक असलेला, मूळ मापाचाच बोल्ट घ्यावा. लाल होईपर्यंत तापवलेला जुना बोल्ट अशा जागी पुन्हा बसवू नये, तो वरून कितीही धड दिसो. धरमतरच्या खाडीपुलावरून कुटुंबासह जाताना त्या एका बोल्टावर सर्वांचा भार असतो.

राहिला व्यवहार. मेस्त्रीशी ठोक रकमेचा सौदा केला की त्याला घाई करावीच लागते आणि ती घाई आपल्याच हेडवर निघते. म्हणून काम देताना दोन दर ठरवावेत: नेहमीच्या कामाचा आणि तुटलेल्या प्रत्येक स्टडचा. गाडी दोन दिवस आधी नेऊन द्यावी, तेल मुरू द्यावे. जोडताना आट्यांना तांबेयुक्त ग्रीस लावण्यास सांगावे. ते लावल्यावर बोल्ट थोडा कमी पिळाने आवळावा लागतो, आणि चाकांच्या नटांना ते लावू नये. मॅनिफोल्डला पितळी नट घ्यावेत, ते गंजून चिकटत नाहीत. तुटलेले तुकडे मागून घ्यावेत. मुंबईच्या चोरबाजारात जुने भाग शोधताना मापासाठी तेच कामी येतात.