नेमस्तांच्या आवारातले ‘ज्ञानप्रकाश’

डेक्कन जिमखान्यावरून बीएमसीसी रस्त्याला लागले की भारत सेवक समाजाचे झाडीने भरलेले आवार येते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी समाज स्थापला, तेव्हा हा परिसर भांबुर्ड्याचा. गोखल्यांचे घर, जुना वड आणि शेजारची गोखले अर्थशास्त्र संस्था पाहायला लोक येतात. पुण्याचे शंभरी ओलांडलेले वर्तमानपत्र याच समाजाने चालवले, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. सांगायला हवे.

‘ज्ञानप्रकाश’चा पहिला अंक १२ फेब्रुवारी १८४९चा, म्हणजे ‘केसरी’च्या जवळपास ३२ वर्षे आधीचा. कृष्णाजी त्रिंबक रानडे यांनी ते साप्ताहिक म्हणून काढले. पेशवाई बुडाल्याला तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती. १५ ऑगस्ट १९०४ला ते दैनिक झाले आणि १९०९मध्ये समाजाकडे आले. ते छापणाऱ्या आर्यभूषण छापखान्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी तो उभारला, ‘केसरी’चे सुरुवातीचे अंक तिथेच निघाले. पुढे तो समाजाच्या मालकीचा झाला. जहालांच्या पत्राला जन्म देणाऱ्या यंत्रांवर मग नेमस्तांचे दैनिक छापले जाऊ लागले!

काकासाहेब लिमये यांनी अनेक वर्षे त्याचे संपादन केले. ‘ज्ञानप्रकाश’ने आवाज चढवला नाही. सामाजिक सुधारणा आणि सनदशीर राजकारण या वाटेवरून ते ढळले नाही. माझ्या मते तेच त्याचे मोठेपण होते, आणि तेच त्याला महागातही पडले. चळवळी पेटल्या तसा नेमस्त विचाराचा वाचक आटत गेला. १ जानेवारी १९३२ला नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’ आला. कोणत्याही पक्षाला बांधलेले नसलेले, बातमीला पहिला मान देणारे ते दैनिक घरोघर गेले. आदर्शावर चालणाऱ्या संस्थेला या स्पर्धेत दैनिक पोसणे अवघड होते. समाजाचे ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे १९१८चे इंग्रजी साप्ताहिक १९३९मध्येच थांबले होते. ‘ज्ञानप्रकाश’ने स्वातंत्र्य पाहिले, शंभरी गाठली आणि १९५१ उजाडता उजाडता तेही बंद पडले.

गायकवाड वाड्यात ‘केसरी’चा इतिहास पाहायला मिळतो. ‘ज्ञानप्रकाश’साठी गोखले संस्थेच्या ग्रंथालयाची पायरी चढावी. गोखल्यांनी १९०५मध्येच सुरू केलेल्या या ग्रंथसंग्रहात त्याचे जुने अंक आहेत. एकोणिसाव्या शतकातले पुणे कशावरून भांडत होते आणि कशाने हरखत होते, ते त्यांत वाचता येते.