हॉर्न नॉट ओके प्लीज!

गोवा झालं, लोणावळा झालं, कोकणही झालं. आता पुढचा लाँग वीकेण्ड हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याच्या पांदणींवर! सोबतीला हळदीचा वास, यादवकालीन देऊळ आणि मैलोन् मैल गाडीचा पत्ता नसलेला रस्ता…

जिममधल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर रोज चाळीस मिनिटं घाम गाळायचा आणि पोचायचं कुठेच नाही, याचा कधी वैताग येतो का हो? आणि खरीखुरी सायकल घेऊन रस्त्यावर उतरलं, तर डावीकडून रिक्षा, उजवीकडून बस आणि मागून ‘ओ मॅडम, साइड!’ पुण्या-मुंबईत सायकल चालवणं हा सध्या ॲडव्हेंचर स्पोर्टच आहे. म्हणून मग सायकलवेडी मंडळी युरोपकडे बघून उसासे टाकतात.

उसासे टाकण्यासारखं तिथे आहेही. ‘युरोवेलो 6’ हा सायकलमार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरून निघतो आणि लोआर, डॅन्यूब अशा नद्यांची सोबत करत थेट काळ्या समुद्रापर्यंत जातो. ब्रिटनमध्ये 1995 मध्ये लॉटरीच्या निधीतून राष्ट्रीय सायकल जाळं विणायला सुरुवात झाली. पण यातली गंमत वेगळीच आहे. या मार्गांचा बराचसा भाग नव्याने बांधलेलाच नाही. कालव्याकाठी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट, बंद पडलेल्या रेल्वेची जमीन, शेतात जाणारे जुने रस्ते… आधीपासून होतं तेच त्यांनी साफ केलं, एकमेकांना जोडलं आणि दिशादर्शक पाट्या लावल्या. बस, एवढाच फंडा!

आता सांगा, असे रस्ते आपल्याकडे नाहीत?

नकाशातली तुटक रेघ

आहेत की! तलाठी कार्यालयातला गावनकाशा कधी बघितलाय? सातबाराच्या निमित्ताने आई-बाबा बघतात, तोच. त्यात शेतांच्या चौकोनांमधून तुटक रेघा गेलेल्या दिसतात. दोन समांतर तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग. गाडी म्हणजे अर्थातच बैलगाडी! त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेघ असेल तर पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दोन गावांच्या सीमेवरून जातो तो शिवरस्ता. आणि दोन्ही बाजूंना बांध किंवा झाडोरा असलेली, शेतांच्या मधून जाणारी वाट म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच पाणंद म्हणतात.

म्हणजे बघा, कारविरहित रस्त्यांचं एक अख्खं जाळं सरकारी नकाशात कधीचंच काढून ठेवलेलं आहे. आम्हा चौघांच्या ग्रुपने तीन दिवसांत त्यातला जमेल तेवढा तुकडा सायकलवर करायचा ठरवला आणि वसमत स्टेशनवर उतरलो.

कुरुंदा कुठे आलं?

हा प्रश्न आम्हाला ऑफिसमध्ये प्रत्येकाने विचारला. तर कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं मोठं, गजबजलेलं गाव. जिल्हा तसा तरुण. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. पण हे नाव तुम्ही नक्की ऐकलंय. विचारवंत नरहर कुरुंदकरांचं आडनाव आठवा! त्यांचा जन्म 1932 मध्ये कळमनुरीजवळच्या नांदापूरचा, पण घराणं या कुरुंद्याचं. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना ज्यांनी वाचलीये, त्यांना इथल्या पाटीसमोर फोटो काढल्याशिवाय पुढे जाववणार नाही. आम्हालाही जाववलं नाही.

वसमतहून कुरुंद्याला जायला डांबरी रस्ता आहेच, पण शिवारात शिरलात तर मजा आहे. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्यांनी वसमत परिसरात खेळवलंय. कालव्याच्या कडेने देखभालीसाठी ठेवलेली कच्ची वाट म्हणजे सायकलवाल्यांसाठी लॉटरी. पाणी उतारानेच वाहतं, पण तो उतार इतका हलका असतो की पायांना कळतही नाही. डॅन्यूबकाठी युरोपियन आजी-आजोबा का फिरू शकतात, याचं कोडं इथे सुटतं.

आणि शिवार तरी केवढं श्रीमंत! एकीकडे केळीच्या बागा, एकीकडे ऊस, मध्येच हरभऱ्याची हिरवी चादर. या भागाची खरी राणी मात्र हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारीच्या शेवटी इकडे आलात तर काढणी सुरू झालेली असते. मग पांदणीच्या कडेला मोठमोठ्या कुकरांत हळद शिजताना दिसते. वाफेचा तो मातकट, उग्र वास दोन वळणं आधीच नाकात शिरतो. शिजलेली हळद उन्हात पसरली की अख्खं शेत पिवळंधम्मक!

गावाजवळ टोकाईचा गड आहे. गड म्हणजे किल्ला नव्हे, टेकडीवरचं टोकाई देवीचं ठाणं. नवरात्रात इथे तोबा गर्दी असते, एरवी वारा आणि तुम्ही. सायकल खाली लावा आणि चढून जा. वरून शिवाराची गोधडी बघताना त्या पांदणी टाक्यांसारख्या दिसतात.

उतरताना एका आजोबांनी आमच्या हेल्मेटकडे बघत विचारलं, ‘‘गाडी बिघडली का काय पोरीहो? सायकलवर कामून फिरायलाव?’’ हौस म्हणून, असं सांगितल्यावर त्यांना जे हसू फुटलं! ‘‘आमी फटफटी घ्यायला जिंदगी घातली अन् तुमी हौसेनं सायकल चालवायलाव!’’ वर चहा पाजला तो वेगळाच.

नंदी, नामदेव आणि लायगो

दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथ. वाटेत शिरड शहापूरला मल्लिनाथाचं जैन मंदिर लागतं, तिथे जरूर थांबा. पुढे जमीन हळूहळू उंच-सखल होत जाते. गिअरच्या सायकलचे पैसे वसूल होतात ते इथे.

औंढ्याचं देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं. यादवकाळातलं काम. खालच्या काळ्या दगडावर देवदेवता, हत्ती, नर्तक यांची नुसती दाटी, आणि वर नंतरच्या काळात बांधलेलं वेगळ्याच धाटणीचं शिखर. एकाच इमारतीत दोन काळ एकमेकांवर उभे असलेले सहज दिसतात. गाभारा तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरावं लागतं. नंदी मात्र देवळाच्या मागे! गोष्ट अशी सांगतात, की नामदेवांना कीर्तन करण्यासाठी मागच्या बाजूला जायला सांगितलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नामदेवांना गुरू विसोबा खेचर इथेच भेटले, असंही परंपरा सांगते.

तिसऱ्या दिवशी त्याच नामदेवांच्या नर्सीला जायचं. त्यांचं जन्मस्थान म्हणून नर्सी नामदेव वारकऱ्यांना प्रिय आहे. इथून निघालेलं नाव पार पंजाबात घुमानपर्यंत पोचलं आणि त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. ‘टूरिंग’ हा शब्द माहीत नसताना केलेली ही केवढी टूर! 2022 मध्ये तर पंढरपूरहून घुमानला चक्क सायकलयात्राच निघाली होती.

आणि हे सगळं ‘जुनं जुनं’ वाटत असेल तर थांबा. औंढ्याजवळच्या दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च 2,600 कोटी रुपये. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र इतकं नाजूक, की अवजड वाहनांची थरथरसुद्धा त्याला अडचणीची. त्याला जागा हवी ती शांत. म्हणजे ज्या शांततेसाठी आम्ही इतक्या लांब सायकली आणल्या, तीच शास्त्रज्ञांनाही हवी होती. सॉलिड ना?

वाट नेमकी कुणाची?

इथपर्यंत सगळं गोडगोड वाटलं असेल. पण नकाशातली तुटक रेघ जमिनीवर नेहमी सापडतेच असं नाही. कुठे बांध कोरत कोरत एकवीस फुटांची गाडीवाट पाच फुटांवर आलेली. कुठे मध्येच बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद. एका ठिकाणी तर ऊस थेट वाटेवरच लावलेला. आम्ही मागे वळलो, दुसरीकडून गेलो. आमची हौस होती, अर्धा तास गेला. पण ज्याचं शेत त्या वाटेच्या पलीकडे आहे त्याचं काय? त्याला हळद, केळी, ऊस बाहेर काढायचाय. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की डोक्यावरून ओझी वाहायची. जुलै 2022 मध्ये कुरुंदा गावात पुराचं पाणी शिरलं होतं. तशा दिवसांत शेतात जाणाऱ्या वाटेचा अर्थ काय, ते शहरात बसून कळणं कठीण आहे.

कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 नुसार अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून तो मागता येतो. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याने ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते’ योजना आणली. मे 2025 मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करून त्यांची सातबाऱ्यावर नोंद घेण्याचा निर्णयही झाला. कागद भरपूर झालेत. प्रश्न असतो तो भावकीचा. तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची, तो चुलतभाऊच असतो!

दुसरीकडे मोठ्या रस्त्यांना मात्र जागेची अडचण येत नाही. 802 किलोमीटरच्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीत हिंगोली जिल्हा आहे आणि इथल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केलाय. महामार्ग हवा की नको, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण ताशी शंभरच्या वेगाने औंढ्याला जाणाऱ्याला कुरुंद्यात चहा प्यायला वेळ असणार नाही, एवढं नक्की. सायकलवाला मात्र प्रत्येक गावात थांबतो, कारण त्याला थांबावंच लागतं! पाणी, भजी, मुक्काम, पंक्चर… त्याचे पैसे त्याच गावात राहतात.

म्हणूनच मला वाटतं, इथे वेगळा ‘सायकल ट्रॅक’ नकोच. नकाशातल्या पांदणी मोकळ्या करा, मुरूम टाका, ओढ्यांवर नळ्या टाका आणि फाट्या-फाट्यावर गावांची नावं लिहा. पहिला फायदा शेतकऱ्याचा. दुसरा शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुलींचा. राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. त्या सायकलला ट्रकच्या वाऱ्यापासून लांब, सुरक्षित वाट मिळायला नको? आणि मग उरलं तर आपण, वीकेण्डचे पाहुणे, तिसऱ्या नंबरवर. चालेल की!

निघण्याआधी…

* कधी? डिसेंबर ते फेब्रुवारी. हुरडा, हरभरा आणि हळद, तिन्ही गाठता येतं. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.
* कसं? मुंबई-जालना जनशताब्दी 2024 पासून हिंगोलीपर्यंत जाते. वसमत त्याच मार्गावर आहे. सायकल पार्सलने न्यायची असेल तर आधी चौकशी करा.
* कोणती सायकल? जाड टायरची. रेसिंगची सायकल घरीच बरी. बाभळीचे काटे कुणाची भीड ठेवत नाहीत, तेव्हा दोन जास्तीच्या ट्यूब आणि पंक्चर किट मस्ट!
* जपून! साखर कारखान्यांच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.
* खायचं काय? नांदेड-हिंगोली रस्त्यावर वारंगा फाट्याची खिचडी. यावर चर्चा नाही.
* रीतभात: कालव्याची वाट पाटबंधारे खात्याची आहे, तिथल्या माणसाला विचारून शिरा. ओल्या बांधावर चाक घालू नका. केळीचा घड कितीही सुंदर दिसला तरी फोटोच काढा!