पावलांच्या खाचांवरून उभी राहिलेली डेल्फी

ग्रीसमधल्या पार्नासस पर्वताच्या उतारावर, उभ्या कड्यांच्या पायथ्याशी डेल्फी हे अपोलो देवाचं प्राचीन क्षेत्र आहे. आज तिथे चौथरे, विखुरलेले दगड आणि मंदिराचे पुन्हा उभारलेले सहा खांब दिसतात. वैभवातली डेल्फी पाहायची तर आल्बेर तूर्नेर या फ्रेंच वास्तुविशारदाच्या १८९४ मधल्या चित्राकडे वळावं लागतं. डोंगरउतारावर एकावर एक चढत गेलेली देवळं, खजिनाघरं आणि पुतळ्यांची दाटी त्यात आहे.

तूर्नेरने हे केवळ कल्पनेने रंगवलं नव्हतं. या जागेवर कास्त्री नावाचं गाव वसलेलं होतं. ते हलवून १८९२ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तेओफिल ओमोल यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन सुरू झालं. फ्रान्सचा ‘प्री द रोम’ हा मानाचा पुरस्कार मिळवलेल्या वास्तुविशारदाने एखाद्या प्राचीन वास्तूचं आजचं आणि मूळचं, अशी दोन्ही रूपं रेखाटावीत, अशी प्रथा होती. तूर्नेरने त्यासाठी डेल्फी निवडली.

अशा चित्राचा पुरावा दगडांतच असतो. पाया मोजला की इमारतीचा विस्तार कळतो. पडलेल्या खांबाच्या जाडीवरून उंचीचा अंदाज बांधता येतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात डेल्फी पाहून गेलेल्या पॉसानियस या ग्रीक प्रवाशाचं वर्णनही हाताशी असतं. कांस्याचे पुतळे बहुतेक वितळवले गेले, पण त्यांच्या बैठकींवर पावलं बसवण्याच्या खाचा राहिल्या. पुतळा केवढा होता, कोणता पाय पुढे होता, हे त्या खाचा सांगतात.

चेहरा मात्र त्या सांगत नाहीत. तिथे चित्रकाराला अंदाजच करावा लागतो.

दुसरी अडचण काळाची. प्लाटियाच्या लढाईत पर्शियनांवर मिळवलेल्या विजयानंतर ग्रीकांनी इथे वाहिलेली सोन्याची तिवई भोवतालच्या फोकिस प्रांतातल्या लोकांनी इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला वितळवली. आज ज्याचे खांब दिसतात ते मंदिर पुरं झालं त्यानंतर, इ.स.पू. ३३० च्या सुमारास. म्हणजे ही दोन्ही वैभवं एकाच चित्रात रंगवली, तर कधीच न आलेला दिवस कागदावर उतरेल. शिवाय तूर्नेरने सगळं क्षेत्र समोरून, एका नजरेत दाखवलं आहे. नागमोडी पवित्र मार्गाने चढणाऱ्या यात्रेकरूला मात्र प्रत्येक वळणावर थोडं थोडंच दिसत असे.

म्हणून असं चित्र पाहताना मोजलेलं काय आणि कल्पिलेलं काय, हे विचारावं. त्याने चित्राची गोडी वाढतेच. डेल्फीचा सर्वांत प्रसिद्ध पुतळा, कांस्याचा सारथी, १८९६ मध्ये सापडला. तूर्नेर चित्र रंगवत होता तेव्हा तो अजून मातीखालीच होता.