बागेत जुळलेलं गुणसूत्रांचं गणित

सर मायकेल फॉस्टर हे केंब्रिज विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्राचे पहिले प्राध्यापक. जवळच्या ग्रेट शेलफर्ड गावातल्या आपल्या बागेत त्यांनी आयरिस या फुलझाडाचे ताटवे जोपासले. तिथली जमीन चुनखडीची, पाणी साचू न देणारी. आयरिसला ती मानवली. आयरिसचा कंद दिसतो हळदीच्या गड्ड्यासारखा, पण तो खोल गाडला तर कुजतो. त्याची पाठ उन्हाला उघडी ठेवूनच तो लावावा लागतो.

फुलाची रचना मोठी हुशारीची. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या प्रत्येक पाकळीवर केसांची दाढी. तिच्यावरून भुंगा आत शिरला की त्याची पाठ आधी एका पातळ ओठाला घासते. हीच कुक्षी. आधीच्या फुलाचे पराग इथे पुसले जातात, आणि मग पुढे परागकोशाचे नवे पराग पाठीला लागतात. परतताना ओठ उलट बाजूने दाबला जातो, त्यामुळे घरचे पराग घरच्या कुक्षीला सहसा लागत नाहीत. संकर करणारा हेच काम हाताने करतो. चिमट्याने परागकोश खुडून दुसऱ्या फुलाच्या ओठावर घासायचा, भुंगे बसू नयेत म्हणून खालच्या पाकळ्या काढायच्या आणि देठाला आईबापांच्या नावांची चिठ्ठी बांधायची. बोंड पिकायला साधारण दोन महिने लागतात आणि बियांपासून फूल यायला दोन-तीन वर्षं. एका बोंडातली भावंडंही सारखी निघत नाहीत. म्हणून मनाजोगतं फूल मिळालं की पुढची वाढ कंद फोडूनच.

युरोपातल्या जुन्या आयरिसमध्ये गुणसूत्रं २४. फॉस्टर यांनी तुर्कस्तानातल्या अमास्याहून मोठ्या फुलांची रोपं मिळवली. त्यांच्यात ती ४८ होती. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ही रोपं त्यांनी जुन्या आयरिसशी संकरली. अशा संकरातून बहुतेक ३६ गुणसूत्रांची, जवळजवळ वांझ संतती निघते. क्वचित मात्र २४वाल्या झाडाची एखादी जननपेशी अर्धी न होता अख्खी उतरते. २४ आणि २४ मिळून ४८ होतात. अशी रोपं दणकट, मोठ्या फुलांची आणि पुन्हा बी धरणारी निघाली. आजच्या उंच दाढीवाल्या आयरिसचा वंश याच ४८ गुणसूत्रांवर, म्हणजे त्यांच्या चार संचांवर, उभा आहे. फॉस्टर १९०७ मध्ये वारले. त्यांच्या काही नामांकित जाती त्यानंतर बाजारात आल्या. फ्रान्सच्या मार्क सिमोने यांच्यासारख्या संशोधकांनी गुणसूत्रं मोजून या यशाचं कारण उलगडलं, ते आणखी पुढे. फॉस्टर यांची नजर आणि चिकाटी मला म्हणूनच थोर वाटते.

दाढीवाल्या आयरिसला कडक थंडी लागते. आपल्या मैदानी हवेत ते फुलवण्याचा हट्ट धरू नये. पण त्याच कुळातला ग्लॅडिओलस आपल्याकडे हिवाळ्यात छान येतो, आणि बाजारातल्या त्याच्या बहुतेक जातींमध्येही गुणसूत्रांचे असेच चार संच असतात. ऑक्टोबरमध्ये दोन रंगांचे कंद लावा. एका रंगाचं फूल उमलताच त्याचे तिन्ही परागकोश काढून टाका आणि कुक्षीचे तीन फाटे पसरले की दुसऱ्याचे पराग त्यांवर लावा. चिठ्ठी बांधायला मात्र विसरू नका.