संगणक जोडताना : न जाणवणारी ठिणगी

सुटे भाग आणून पहिला संगणक जोडणार असाल, तर स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी स्थिर विद्युत आठवा. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे आपण वर्गात दाखवतोच. तसाच प्रभार चालताना, खुर्चीवरून उठताना आपल्या अंगावरही साठतो. सुमारे ३००० व्होल्टखालची ठिणगी आपल्याला सहसा जाणवत नाही. काही चिप्स मात्र १०० व्होल्टनेही निकामी होतात, कारण त्यांतील विद्युतरोधक थर जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो.

म्हणून मेमरीची पट्टी पाकिटातून काढण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. तुम्ही आणि कॅबिनेट समान विभवावर आलात, की पट्टी बसवताना ठिणगी उडणार नाही. पट्टी कडांनीच धरा. हिवाळ्यात अधिक जपा. कोरड्या हवेत प्रभार लवकर ओसरत नाही.